अनमोडपर्यंतच्या आक्का

मंडळाच्या सभेत बोलायला उभं राहायच्या आधी आक्का मांडीवरची वडिलांची तसबीर दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायच्या. मग डाव्या हाताने पदर सारखा करायच्या आणि एका दमात म्हणून टाकायच्या, "मी सत्याग्रहींची लेक. बाबा निघाले त्या दिवशी पाऊस लागलेला. पुढचं सगळ्यांस्नी म्हाईत हाय." की बसल्याच. टाळ्या पडायच्या, कारण पुढचं खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा आक्कांचे वडील सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर जंगलातून हद्द ओलांडून गेले, सोजिरांचा, म्हणजे तिकडच्या शिपायांचा, मार खाल्ला आणि उजवा गुडघा कायमचा गमावून परत आले. रामनगरात दुसरीतल्या पोरालाही हे पाठ होतं.

मी त्या मंडळाचा कुणी नव्हे. बसस्टँडसमोर माझं फोटो, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात माणसाचं अर्धं आयुष्य मराठीत बोललेलं कन्नडमध्ये लिहून घेण्यात जातं, आणि त्यातला बराच वेळ माझ्या दुकानातल्या बाकावर जातो. मंडळाचे अर्ज मी टाइप करायचो, कन्नड प्रत मीच काढायचो, वर्षातून एकदा ग्रुप फोटोही मीच. तुम्ही कधी असं कोपऱ्यात बसून काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, कोपऱ्यातल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात.

मंडळाचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की बॅनरवर बसवताना माझ्या नाकी नऊ यायचे. गावात सगळे नुसतं 'लेकींचं मंडळ' म्हणायचे. मुख्य मंडळ बेळगावात, आमची शाखा. सभासद व्हायला सत्याग्रहीची लेक, नात किंवा पणती असावं लागे, आणि तीही रक्ताची. सून चालायची नाही. चिटणीसबाईंची सून दर सभेला बावीस कप चहा करून आणायची आणि ट्रे ठेवून दाराबाहेर उभी राहायची, कारण सत्याग्रही तिच्या सासूचा बाप होता, तिचा कुणी नव्हता. एकदा मी तिला म्हटलं, "वैनी, तुमी सुनांचं एक मंडळ काढा की." ती म्हणाली, "आन् मग च्या कोण करंल?"

दुसरी अट त्याहून कडक होती. पूर्वजाने हद्द ओलांडलेली असायला हवी. नुसता निघालेला, हद्दीच्या अलीकडेच अडवला गेलेला, भाकऱ्या पुरवणारा, निरोप पोचवणारा, यातलं कुणी चालायचं नाही. कागद नसेल तर साक्ष चाले, पण साक्ष कुणाची? बरोबर हद्द ओलांडलेल्या माणसाची किंवा त्याच्या लेकी-नातीची. हा नियम बेळगावहून छापून आला होता आणि पहिल्या सभेत तो वाचून दाखवला होता आक्कांनीच.

दर महिन्याला शाळेच्या वर्गात सभा भरायची. प्रत्येक बाई आपापल्या पूर्वजाची तसबीर मांडीवर घेऊन बसायची आणि एकेकीने उभं राहून आपली 'ओळ' सांगायची. काहींची ओळ सत्यनारायणाच्या पोथीएवढी लांब असे. एक बाई आजोबांच्या पाठीवरचे वळ मोजून सांगायची, आणि ते वळ दर वर्षी वाढायचे. आक्कांची ओळ सगळ्यांत छोटी. मला त्याचं कौतुक वाटायचं. वाटायचं, खऱ्या मोठेपणाला बडबड लागत नाही. माझ्या शहाणपणाचा हा एक नमुना.

आक्का बारीक, उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या. लग्न केलेलं नाही. तीस वर्षं बालवाडी चालवली. अर्ध्या रामनगराने पाटीवरचा पहिला 'ग' त्यांच्या हाताखाली गिरवला, मीही त्यातलाच. त्यामुळे माझं टक्कल पडलं तरी त्या मला "काय रे बाळ" म्हणायच्या. 'पुढचं सगळ्यांस्नी म्हाईत हाय' हे त्यांचं वाक्य सगळीकडे चालायचं. फणसाची भाजी कशी करायची असं कुणी विचारलं तर, "फणस चिरायचा, हाताला तेल लावायचं, पुढचं सगळ्यांस्नी म्हाईत हाय." कुणाच्या नवऱ्याबद्दल विषय निघाला तरी तेच. बायका हसायच्या आणि विषय तिथेच मिटायचा.

मंडळ सुरू झालं त्या दिवशी त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नको. दुसरं कुणीतरी बघा." तीनदा म्हणाल्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या बाबांएवढं नाव कुणाचं हाय ओ आक्का?" आणि झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात पडला. माझ्याकडे तो फोटो आहे. त्यात सगळ्या हसताहेत आणि आक्कांचा उजवा हात हाराच्या आत, गळ्यापाशी अडकलेला आहे. मी तेव्हा म्हटलं होतं, आक्का, हात खाली घ्या, फोटो बिघडतोय.

दर डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या दिवशी, मंडळाची बस गोव्यात जायची. खाली उतरून एका स्मारकाला फुलं वाहायची, जेवायचं, संध्याकाळी परत. गोव्याची हद्द आम्हाला काही लांब नाही. रामनगरहून अनमोड, अनमोडला चेकनाका, पुढे घाट लागला की गोवाच. आणि दर वर्षी अनमोड आलं की आक्का उठायच्या. "मला घाटात वांती हुती. तुमी जावा." नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर त्या तसबीर मांडीवर घेऊन बसायच्या आणि बस त्यांना तिथेच ठेवून पुढे जायची. गोवा मुक्तीच्या मंडळाची अध्यक्ष, आणि गोवा पाहिलेला नाही! बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हाला सवय झाली होती. टपरीवाला त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची राखून ठेवायचा.

एका वर्षी माझ्या कॅमेऱ्याने ऐन वेळी दगा दिला आणि मीही त्यांच्याबरोबर टपरीवरच थांबलो. घाट चढून येणारे ट्रक धापा टाकत नाक्यावर उभे राहत होते. दोन चहा झाले. मग आक्का आपणहून बोलल्या.

"मला तिकडनं एक स्थळ आलं हुतं रे बाळ. खाली घाट उतरला की लगेच त्यांचं गाव. माणूस शाळामास्तर. चांगला हुता."

"मग?"

"लगीन तिकडं करायचं म्हणत हुते. बाबा न्हाई म्हणाले. बाबा जन्मात परत गोव्यात गेले न्हाईत."

हे मला माहीत होतं. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याने शपथ घेतली आहे, जिथे मार खाल्ला त्या मातीत पाय ठेवणार नाही. मी तसं म्हटलं. आक्का हसल्या नाहीत.

"ते मास्तर म्हणाले, मी तिकडं येतो, अनमोडला मांडव घालू. बाबांनी तेबी नको म्हटलं. पोरगी तर खालीच नांदणार, मग बोळवणीला बापानं हद्दीवरनं माघारी यायचं काय? लोक काय म्हणतील?"

"आक्का, बाबांची शपथ बाबांपाशी. तुम्हाला जायला काय हरकत आहे? वांतीची गोळी मिळते."

त्यांनी चहाचा रिकामा पेला तसबिरीच्या काचेवर ठेवला, लगेच उचलला आणि पदराने काच पुसली. "पुढचं," असं म्हणून त्या थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही. मी ते तेव्हाच ऐकायला हवं होतं, पण मी कॅमेऱ्याचं झाकण शोधत होतो.

मग दगडाचं निघालं. पंचायतीसमोर सत्याग्रहींच्या नावांचा दगडी फलक उभारायचा असं मंडळाने ठरवलं. खानापूरचा पाथरवट ठरला. यादी माझ्या दुकानात टाइप झाली, बारा नावं, पहिलं आक्कांच्या वडिलांचं. यादी द्यायला आठवडा राहिला असताना पार्वती आली.

पार्वती बाजारकुणंगच्या बाजूच्या जंगलातल्या एका वाडीतली कुणबी बाई. पन्नाशीची, अनवाणी, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या बाकावर टेकून म्हणाली, "आमच्या आजोचं नाव दगडावर घालायचं हाय. अर्ज लिवा." तिच्या आजाचं, म्हणजे तिच्या भाषेत आजोचं, नाव पुनो. सत्याग्रहींच्या तुकडीला त्याने जंगलातून वाट दाखवली आणि पार हद्दीपलीकडे नेऊन सोडलं. मी विचारलं, प्रमाणपत्र? नाही. फोटो? "फोटो कोण काढणार हुतं ओ त्येचा?" मग तिने कापड सोडलं. आत कोयता होता, कुणबी माणसं कमरेच्या आकड्यात अडकवतात तसला. मुठीला पितळेचं कडं आणि कड्यावर तीन खाचा. "ह्यो घिऊन गेलेला वाट काढत," ती म्हणाली.

सभेत चिटणीसबाईंनी अर्ज वाचला. पार्वतीने कोयता टेबलावर ठेवला. बायकांनी तसबिरी जरा मागे घेतल्या. मी यादीची प्रत द्यायला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. आक्का कोयत्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून अंगठ्याने त्या तीन खाचा चाचपल्या, आंधळं माणूस चाचपतं तशा. त्यांचा चेहरा उतरला.

"कागद न्हाई, फोटो न्हाई. साक्ष तरी हाय कुणाची?" चिटणीसबाई म्हणाल्या.

पार्वतीने आक्कांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "न्हाई," म्हणाली.

आक्का म्हणाल्या, "आज सभा हितंच थांबवू." कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या दुकानात आल्या. करंट गेलेला, मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. "बाळ, लिहून घे," म्हणाल्या. मी म्हटलं, करंट आल्यावर टाइप करू. "न्हाई. आता हातानं घे. करंट येस्तवर मी ऱ्हायची न्हाई."

आणि त्या सांगत गेल्या, बालवाडीत गोष्ट सांगायच्या त्याच आवाजात. मी जसं लिहून घेतलं तसंच देतो.

"बाबा तुकडीबरोबर निघाले, हे खरं. अनमोडच्या अलीकडं जंगलात एक पाण्याचा व्हाळ हाय, तिथवर गेले. पुढं गोळी वाजली. माणसं पांगली, जमंल तशी पुढं गेली. बाबांचे पाय उचलंनात. मग माघारी पळाले, आन् व्हाळातल्या दगडावरनं पडले. गुडघा तिथं मोडला. सोजीर त्यांनी जन्मात बघितला न्हाई."

माझा पेन थांबला. "लिही की," त्या म्हणाल्या.

"पुनोदादा माणसांस्नी हद्दीपार सोडून परत येत हुता. त्येला बाबा व्हाळात सापडले. त्येनं पाठीवर घेतलं आन् जंगलातनं आपल्या घरला नेलं. आठ दिस आंबील पाजली. बाबा म्हणायचे, मला गावात न्हिऊ नको, तोंड दाखवाय जागा न्हाई. तवर तुकडीतली माणसं मार खाऊन सुटून आली. आमचं घर तवा जुन्या सुप्यात हुतं, आता धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. बाबा लंगडत बाजारात आले, तर लोकांनी त्यांस्नीबी वळीत उभं केलं. बाकीच्यांस्नी वाटलं, ह्यो दुसऱ्या गटात घावला असंल. बाबा सांगायला गेले, तवर हार गळ्यात पडलेला."

दर वर्षी सुगी झाली की आक्कांचे वडील त्यांना घेऊन त्या वाडीवर जायचे, नारळ आणि नवा पंचा घेऊन. गावात ज्या माणसापुढे पाटील उठून उभे राहायचे तो माणूस कुणब्याच्या अंगणात त्याच्या पाया पडायचा. लहानग्या आक्का तोवर कोयत्याच्या कड्यावरच्या खाचा बोटांनी मोजत बसायच्या. का पाया पडायचं, हे वडिलांनी मरायच्या आधल्या आठवड्यात सांगितलं, आणि त्या दिवसापासून आक्का ते एकट्या सांभाळत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या मास्तराचं स्थळ आठवलं. टपरीवरची पाठीची खुर्ची आठवली.

मी शहाणपणा केलाच. म्हटलं, "आक्का, एवढं कशाला? 'पुनोने तुकडी पलीकडे नेली, माझ्या वडिलांनी पाहिलं,' एवढी एक ओळ दिली तरी काम होतंय."

"म्हंजे बाबा पलीकडं गेले असं हुतंय न्हवं? पुनोदादाचं नाव खोट्यावर नको उभं ऱ्हायला. आन् मलाबी आता ह्यातनं सुटायचं हाय रे."

'सुटायचं हाय' हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की तेवढं मी लिहून घेतलं नाही.

थांबवलेली सभा पुन्हा भरली तेव्हा त्यांनी तो कागद उभं राहून वाचला. त्या दिवशी तसबीर खुर्चीवर ठेवली होती. पार्वतीला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं, सुनेजवळ. वाचून झालं. वळ मोजणारी बाई छताकडे बघत होती. मला वाटलं, आता कुणीतरी रडेल नाहीतर भांडेल. चिटणीसबाईंनी चहा मागवला. बावीस कप आले. अर्धा कप संपल्यावर त्या बोलल्या, आणि खरं सांगतो, फार मायेने बोलल्या. त्या मायेचीच मला अजून चीड येते.

"आक्का, तुमी म्हणताय ते खरं धरलं, तर तुमचे बाबा हद्द ओलांडून गेले न्हाईत. व्हय?"

"व्हय."

"मग तुमी सभासद न्हाई."

"न्हाईच. तेच म्हणतोय मी."

"मग तुमची साक्ष कशी चालंल? साक्ष गेलेल्या माणसाच्या लेकीची लागती. तुमची साक्ष गेली की पुनोचं नाव बी गेलं. बिचारीच्या हातात ह्यो कोयता तेवढा ऱ्हायला."

आक्का उभ्याच होत्या. नियमाचा छापील कागद भिंतीवर लावलेला होता, त्यांनीच लॅमिनेट करायला माझ्याकडे आणला होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यात कुठे फट आहे का, हे मीही मनातल्या मनात शोधलं. नव्हती.

"तुमचे बाबा पहिल्या नंबरावर ऱ्हाऊ देत," चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमी अध्यक्ष ऱ्हावा, एका ओळीची साक्ष द्या, पुनोचं नाव आम्ही आजच घालतो. ह्यो कागद फाडू. हितलं हितंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या बाबांचं काढलं, तर उद्या कुणाकुणाच्या बापाचं काढायचं, सांगा?" बाकीच्या तसबिरी मांड्यांवर होत्या. कुणाचीही मान वर नव्हती.

आक्कांनी मला हाक मारली. "बाळ, ती तुझी एक ओळ टाइप करून आण."

मी आणली. दहा मिनिटं लागली. नाही म्हणायला हवं होतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं, पण नाही म्हटलं असतं तर पुनोचं नाव गेलं असतं, आणि होय म्हटलं त्याने आक्कांची सुटका गेली. त्यांनी खुर्चीवरची तसबीर उचलली, बसल्या, ती मांडीवर घेतली आणि काचेवरच कागद ठेवून सही केली. पहिला कागद चिटणीसबाईंनी चार तुकडे करून चहाच्या ट्रेमध्ये टाकला. सून ट्रे घेऊन गेली.

बाहेर व्हरांड्यात आक्का पार्वतीला म्हणाल्या, "घातलं बघ नाव." आणि तिच्या पायाशी वाकायला गेल्या. पार्वतीने त्यांचे दोन्ही दंड धरून वरच्या वर थांबवलं.

"आक्का, मला सगळं म्हाईत हुतं. आजोनं सांगितलेलं."

"मग त्या दिवशी सभेत बोलली का न्हाईस?"

"आजो म्हणायचा, भ्यालेल्या माणसाचं नाव कुणापुढं घ्यायचं न्हाई. भ्या सगळ्यांस्नीच वाटतंय." तिने कोयता पुन्हा कापडात बांधला. "तुमच्याकडं बघून माझ्या जिवाला बरं वाटंना. म्हणून साक्ष न्हाई म्हटलं."

आक्का व्हरांड्याच्या कठड्यावर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. पार्वती शेजारी बसून राहिली. आत ग्रुप फोटोसाठी खुर्च्या लावल्याचे आवाज येत होते. मी तो फोटो त्या दिवशी काढला नाही, बॅटरी संपली म्हणून सांगितलं.

दगड उभा राहिला. वरून पहिलं नाव आक्कांच्या वडिलांचं, तळाशी तेरावं पुनोचं. पार्वती सभासद झाली. तसबीर नाही म्हणून कोयता मांडीवर घेऊन बसायची. आक्का अध्यक्ष होत्याच, पण त्यांची ओळ आणखी आखूड झाली. उभ्या राहायच्या, म्हणायच्या, "मी बाबांची लेक," आणि बसायच्या. 'पुढचं सगळ्यांस्नी म्हाईत हाय' हे वाक्य त्यांनी परत कधी वापरलं नाही, फणसाच्या भाजीलाही नाही. आता खोलीतल्या बावीस जणींना पुढचं खरंच माहीत होतं. त्या पूर्वीपेक्षाही जोरात टाळ्या वाजवायच्या. मला वर्गाच्या दारात उभं राहून ते ऐकवत नसे.

त्या वर्षी डिसेंबरात बस निघाली तेव्हा मला आशा होती की आक्का अनमोडला उतरणार नाहीत. त्या उतरल्या. पार्वती म्हणाली, "चला की, मी हाय संगट." आक्का म्हणाल्या, "बाबांस्नी घिऊन कशी जाऊ? आन् त्यांस्नी सोडून तरी कशी जाऊ?" पार्वतीही तिथेच उतरली. बस परत आली तेव्हा दोघी टपरीवर बसलेल्या होत्या. आता पाठीच्या दोन खुर्च्या होत्या.

यंदा दिवाळीनंतर आक्का गेल्या. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होत्या, आणि गेल्या. तसबिरीची काच तडकलेली, ती त्यांनी आदल्याच आठवड्यात माझ्याकडे बदलायला टाकली होती. नवी काच बसवली आणि मग माझ्या लक्षात आलं की तसबीर कुणाला द्यायची हेच ठरलेलं नाही. मूल नाही, भाऊ नाही. नियमाप्रमाणे तसबीर रक्ताच्याच माणसाने धरायची. मंडळात चर्चा झाली. ती शाळेच्या भिंतीवर टांगावी असं ठरत आलं होतं.

डिसेंबरातल्या त्या सकाळी पार्वती बसच्या आधी दुकानात आली. कोयता कमरेला खोचलेला. म्हणाली, "बाबांस्नी द्या हिकडं." मी दिली. बसमध्ये चिटणीसबाईंनी पाहिलं. "पार्वती, तू कशी धरणार? तुझं रक्त न्हवं त्ये."

"आमच्या आजोनं पाठीवरनं माघारी आणलं त्येंस्नी," पार्वती म्हणाली. "मी मांडीवरनं फुडं नेतो." आणि खिडकीशी बसली. सगळ्यांना सगळंच ठाऊक होतं. चिटणीसबाईंनी आपल्या तसबिरीवरची धूळ पुसायला घेतली.

अनमोडला ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली. टपरीवाला बाहेर आला. पार्वतीने मान हलवली आणि बस नाक्यावरून तशीच पुढे निघाली.

ती बसने घाट कधी उतरली नव्हती. दुसऱ्या वळणालाच तिचा चेहरा पांढरा पडला. मी पिशवी घेऊन धावलो. "आक्का खरंच बोलत हुत्या की ओ," ती हसत म्हणाली, डोळ्यांत पाणी, "वांती हुती ह्या घाटात." मी म्हटलं, ती तसबीर इकडे दे, जरा मोकळी बस. तिने दोन्ही हातांनी ती आणखी घट्ट धरली.

"नको," म्हणाली. "खाली उतरल्यावर देतो."